एक ओळ राहिली आणि यूएसबी पोर्ट मुका झाला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एआरएम लॅपटॉपवर (म्हणजे फोनमध्ये असतात त्या जातीची चिप असलेल्या लॅपटॉपवर) काही छापून आलं की बॅटरी किती टिकते, पंख्याचा आवाज नाही, एवढंच असतं, यूएसबी पोर्टबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

माझ्या अशाच एका लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला घेतलं. बूटलोडरला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, पेनड्राइव्ह व्यवस्थित दिसला, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा सुरू झाला, आणि मग तोच कर्नल म्हणतो पेनड्राइव्ह सापडत नाही! माऊस लावला तर त्याचा दिवा लागतो पण बाण जागचा हलत नाही. केबल बदलली, माऊस बदलला, दोन रात्री घालवल्या आणि शेवटी पोर्टच गेला असं धरून लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार होतो. पण पोर्ट ठणठणीत होता. आतला यूएसबी सांभाळणारा कंट्रोलर होस्ट (जोडलेल्या वस्तूंना चालवणारा) व्हायच्या ऐवजी पेरिफेरल (दुसऱ्याला जोडली जाणारी वस्तू) मोडमध्ये गेला होता, म्हणजे लॅपटॉप स्वतःच पेनड्राइव्हसारखा कोणी आपल्याला जोडतंय का याची वाट बघत बसला होता. दिवा लागत होता कारण 5 व्होल्ट देणारं सर्किट वेगळं आणि डेटा सांभाळणारा कंट्रोलर वेगळा.

नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपवर कंट्रोलर पीसीआय या आतल्या जोडणीवर आपोआप सापडतो आणि तो बहुतेक वेळा होस्टच असतो, त्यामुळे हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नाही. एआरएममध्ये तो चिपच्या आत असतो आणि तो कुठे आहे, त्याने काय व्हायचं, हे कर्नलला डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमधून सांगावं लागतं. या लॅपटॉपमधल्या स्नॅपड्रॅगनच्या चिपमध्ये सिनॉप्सिस या कंपनीचं कंट्रोलरचं डिझाइन वापरतात, लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर डीडब्ल्यूसी3. हाच कंट्रोलर फोनमध्येही असतो म्हणून त्याला दोन्ही भूमिका येतात, आणि डिव्हाइस ट्रीतल्या डीआर-मोड या ओळीत होस्ट, पेरिफेरल किंवा ओटीजी (गरजेप्रमाणे दोन्ही) यातलं एक लिहायचं असतं. ओळच नसेल तर ड्रायव्हर ओटीजी धरतो, पण या कंट्रोलरच्या 3.30ए आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ओटीजी हार्डवेअरमध्येच नाही, मग भूमिका बदलायची दुसरी काही सोय सांगितलेली नसली की तो सरळ पेरिफेरल होतो. फोनसाठी हे ठीक आहे, फोन कॉम्प्युटरलाच जोडतात. लॅपटॉपसाठी मात्र हे अगदी उलटं आहे.

मी डीआर-मोडमध्ये होस्ट लिहिलं, फाइल परत कंपाइल केली, रीबूट केलं आणि माऊस चालला.

पण सगळीकडे होस्ट ठोकून द्या असं माझं म्हणणं नाही. टाइप-ए पोर्ट, आतला कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर हे यूएसबीवर असतील तर तिथे होस्टच पाहिजे, त्यात चर्चेला जागाच नाही. टाइप-सीचं तसं नाही, तिथे पोर्टातल्या सीसी नावाच्या पिनवरून कोण होस्ट आणि कोण डिव्हाइस (म्हणजे पेरिफेरल) हे ठरतं आणि ती बातमी कंट्रोलरपर्यंत पोचवायला डिव्हाइस ट्रीमध्ये यूएसबी-रोल-स्विच ही ओळ लिहावी लागते. ती जरूर लिहा, पण सोबत रोल-स्विच-डीफॉल्ट-मोडमध्ये होस्टही लिहा, कारण ही ओळ नसेल तर डीफॉल्ट परत पेरिफेरलच, आणि फर्मवेअरकडून (चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅमकडून) भूमिकेचा निरोप यायला उशीर झाला की इन्स्टॉलर मधेच अडकतो आणि नवीन माणूस लिनक्सला किंवा लॅपटॉपला शिव्या घालत परत जातो. फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायलाही लॅपटॉप होस्टच लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी प्रत्येक मॉडेलचं डिव्हाइस ट्री स्वतः तपासून लिनक्स कर्नल बनवणाऱ्यांकडे पाठवलं पाहिजे, प्रत्येक पोर्ट कुठल्या कंट्रोलरला जोडलाय हे त्यांच्याइतकं नक्की दुसऱ्या कोणाला माहीत असणार? आणि तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी एआरएम लॅपटॉपचा रिव्ह्यू छापाल तेव्हा पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट करून प्रत्येक पोर्टात एकदा माऊस लावून बघा आणि जे दिसेल ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक