लाकूड कुजतं कुठे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत की एवढ्या पावसाच्या गावात लाकडाचा डेक कशाला, सरळ चिरे लावून ओटा का घालत नाही? फोनवर बोलणं तुटक झालं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही शेवटपर्यंत वाच, पायऱ्यांचा भाग तुझ्यासाठी आहे.

इथे अमेरिकेत, सिएटलला, घरंच लाकडाची. आमचं घर उतारावर आहे, त्यामुळे मागचं दार जमिनीपासून चार फूट वर उघडतं. तेवढी भर घालून ओटा करायचा तर लाकडी भिंतीला माती टेकणार, आणि ओली माती टेकली की भिंत कुजणार. म्हणून खांबांवर उभा, खालून वारा खेळता राहील असा फळ्यांचा उघडा ओटा, म्हणजे डेक.

सिएटलचा पाऊस आकड्यात किरकोळ वाटेल. वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर. आपल्या रत्नागिरीकडे ३,०००च्या वर. पण आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग ऊन सगळं खणखणीत वाळवून टाकतं. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिपरिप चालू. जोर नसतो, पण उसंतही नसते. भिजलेलं लाकूड वाळायच्या आत पुन्हा भिजतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. इथे वाळवीपेक्षा तिचीच धास्ती जास्त. त्यामुळे लाकडाला पाणी लागणार हे धरूनच चालायचं, आणि लागलेलं पाणी निथळून लाकूड लवकर कसं वाळेल ते बघायचं. बाकी सगळी कलाकुसर त्यानंतर.

जुना डेक उतरवला तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. वरच्या फळ्या बऱ्या होत्या. पण घराच्या भिंतीला एक लांब आडवी फळी बसवतात, तिला लेजर म्हणतात, आणि डेकची एक अख्खी बाजू तिच्यावर पेललेली असते. आमच्या आधी कुणीतरी ती नुसत्या खिळ्यांवर मारली होती. वर पत्र्याची पट्टी नाही, त्यामुळे भिंत आणि फळी यांच्या फटीत वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आतलं लाकूड तपकिरी पडून चौकोनी चौकोनी तुकड्यांत तडकलेलं, बोटांत चुरलं की भुगा. सगळे खिळे त्या भुग्यात उभे होते. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर सगळी मंडळी प्रसाद घेऊन तिथेच उभी होती, हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

हे नुसतं माझ्या मनाचं भय नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला जून २०१५मध्ये एका इमारतीची बाल्कनी अशीच मोडून खाली आली. वाढदिवसाला जमलेल्या तरुण मुलांपैकी सहा जण गेले. बाहेरून काही दिसत नव्हतं, आतले वासे ओल धरून कुजलेले होते. त्यानंतर २०१८मध्ये तिथे अशा बाल्कन्यांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला. स्वतंत्र घरांना मात्र असा कुणी तपासनीस लाभत नाही. तिथे घरच्यांनीच वाकून बघायचं.

आता नव्याचं सांगते. परवाना काढला. खणण्याआधी ८११ला फोन करायचा असतो, मग गॅसच्या आणि विजेच्या लाइनी कुठून जातात ते रंगाने आखून देतात. खड्ड्यांत काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर येऊन खोली बघून गेला. त्या काँक्रीटवर खांब थेट टेकवलेले नाहीत. मध्ये लोखंडी बैठक आहे, तिच्यामुळे लाकडाचं टोक इंचभर अधांतरी राहतं. बाबा, आपल्या माजघरातले खांब तळखड्यावर आहेत ना, त्यातलंच तत्त्व. आजोबांच्या सुताराला हे पक्कं ठाऊक होतं.

सांगाड्याचं लाकूड तांब्याचं औषध दाबाने मुरवलेलं आहे. इथल्या जातीच्या लाकडात औषध सहज शिरत नाही, म्हणून त्यावर आधी बारीक चिरा पाडतात. दिसायला ओबडधोबड, पण टिकतं. मात्र करवतीने कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, तिथे औषध हाताने पुन्हा लावावं लागतं. ते काम मी दुसऱ्या कुणावर सोडलं नाही, प्रत्येक टोकाला स्वतः ब्रश फिरवला. या तांब्यामुळे साधं लोखंड लवकर गंजतं, म्हणून बोल्ट आणि पट्ट्या जाड जस्ताच्या मुलाम्याच्या घेतल्या. लेजर आता खिळ्यांवर नाही, आरपार बोल्टांनी आवळली आहे. तिच्यावर पत्र्याची वाकवलेली पट्टी भिंतीच्या आवरणाखाली सरकवली आहे, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी फटीत न शिरता पुढे पडेल. संबंध डेकमध्ये मला सगळ्यात मोलाचा तुकडा तोच वाटतो, आणि फळ्या बसल्यावर तो कुणाला दिसणारही नाही.

वरच्या फळ्या तांबडा सीडर नावाच्या इथल्या झाडाच्या. इथले मूळ रहिवासी, सेलिश लोक, याच लाकडाची लांबलचक घरं आणि होड्या करत. त्याच्या गाभ्यात मुळातच कुजण्याला विरोध आहे, आणि ऊन पडलं की वास फार छान येतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधा खिळा मारला तर भोवती काळा डाग पडतो. दोन फळ्यांत बोटाच्या नखाएवढी फट ठेवली आहे, पाणी खाली जायला.

बांधलं म्हणजे संपलं असं नाही. सीडरची खवल्यांसारखी आणि फर झाडाची सुईसारखी पानं त्या फटींत अडकून ओली गादी तयार होते, ती दर पंधरवड्याला पातळ पट्टीने खरवडून काढायची. शेवाळाला मऊ ब्रश आणि साबणपाणी. जोराच्या फवाऱ्याची यंत्रं इथे घरोघरी असतात, पण त्याने लाकडाचे तंतू उसवतात, मी ते लावणार नाही. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, तुम्ही इथे असतानाच, तेल द्यायचं आहे. लाकडावर पाण्याचे थेंब उभे न राहता पसरायला लागले की तेलाची वेळ झाली असं समजायचं. बाबा, तुम्ही वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचात ते मला आठवतं. त्या दिवशी ब्रश तुमच्या हातात, पण शिडीवर तुम्ही चढायचं नाही. वर्षातून एकदा लेजर आणि खांबांची बुडं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायची, हे मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवलंय.

आई, आता तुझं. डेकला ३६ इंच उंचीचा कठडा आहे आणि गजांतली फट चार इंचांहून कमी, म्हणजे धाकटीचं डोकं अडकायची काळजी नको. पायऱ्या अजून केलेल्या नाहीत, मुद्दाम थांबवून ठेवल्या आहेत. नियमाने पायरीची उंची पावणेआठ इंचांपर्यंत चालते, पण तुझ्या गुडघ्यांना ती जड जाईल. माझ्या मनात सहा इंच आहे. पाऊल टाकायला बारा इंच रुंदी आणि दोन्ही बाजूंना मुठीत नीट बसेल असा गोल दांडा. प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी लावणार आहे. तरीही पाऊस पडून गेल्यावर अनवाणी उतरायचं नाही, हे आत्ताच कबूल कर. मेअखेर तुम्ही याल तेव्हा अधूनमधून सर येतच असेल.

म्हणून एक काम करा. बाबा, टेप घेऊन आपल्या ओटीची पायरी मोजा, आणि देवळाचीही, जिथे आई कुणाचा हात न धरता चढते. दोन्हींची उंची आणि रुंदी इंचांत कळवा. आई, कुठली पायरी चढताना गुडघा कुरकुरतो ते खरंखरं सांग, बाबांना सांगायला लावू नकोस. शिवाय दांडा कमरेच्या किती वर हवा, तेही भिंतीला हात लावून बघ. लाकूड कापायला शनिवारी घेणार आहे, तोवर व्हॉट्सॲपवर माप आलं तर बरं होईल.

तुमची,
बाबी