पाच बँडच्या मेटल कार्यक्रमात तिसऱ्या बँडचा सेट मध्येच तोडल्याबद्दल व मागचे दार अडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
कार्यक्रम विभाग

महोदय,

गेल्या शनिवारी आपल्या कंपनीने भरवलेल्या पाच हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमाला मी तिकीट काढून आले होते. क्लब लहान होता आणि मला लहानच क्लब आवडतात. तिथे बेस ड्रमचा ठोका कानाआधी छातीत लागतो, गिटारवर फिरणारी बोटे दिसतात. त्यामुळे माझी तक्रार गर्दीबद्दल, उकाड्याबद्दल किंवा मॉश पिटमधल्या, म्हणजे मंचापुढे एकमेकांना धडकत नाचणाऱ्या घोळक्यातल्या, धक्क्यांबद्दल नाही. पिटमध्ये एक मुलगा पडला, तेव्हा चौघांनी त्याला लगेच उचलून उभे केले आणि पाचव्याने त्याचा चष्मा शोधून हातात दिला. प्रेक्षक शहाण्यासारखे वागले. चूक नियोजनात झाली.

मी मुख्यतः तिसऱ्या बँडसाठी आले होते. डूम मेटल वाजवणारे तिघे जण, एकेक रचना दहा-बारा मिनिटांची. हे संगीत संथ असते. एक रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा, वाजतो, विरत जातो, आणि तो परत येईपर्यंत श्रोत्याने थांबायचे असते. ते थांबणे हाच त्याचा जीव. आपण प्रत्येक सुरुवातीच्या बँडला ३० मिनिटे जाहीर केली होती. हे तिघे ९ वाजून २५ मिनिटांनी मंचावर आले. दुसरी रचना ऐन रंगात होती, झांजा घुमत होत्या, गिटारवाला ॲम्पसमोर, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या खोक्यासमोर, उभा राहून त्यातून घुमणारा फीडबॅकचा सूर लांबवत होता आणि मूळ रिफ आता परत येणार म्हणून सगळी खोली गप्प झाली होती. ९ वाजून ४१ मिनिटांनी स्पीकर बंद झाले आणि वरचे दिवे लागले. मंचावरचा ॲम्प तेवढा गुणगुणत राहिला, मग तुमच्या कर्मचाऱ्याने तोही बंद केला. बेसवादक एक शब्द न बोलता खाली बसला आणि केबल गुंडाळू लागला. ३० पैकी १६ मिनिटे! ना आधी सूचना, ना नंतर माइकवरून दिलगिरीचा एक शब्द.

उशीर झाला होता हे मान्य. पण तो कुणामुळे झाला? मुख्य बँडचा साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, लांबला म्हणून ६ चे दार ७ वाजून १० मिनिटांनी उघडले. अशा कार्यक्रमात साउंडचेक उलट्या क्रमाने होतो, म्हणजे मुख्य बँड आधी आणि पहिला वाजणारा बँड शेवटी. वरच्याने वेळ खाल्ला की खालच्यांच्या वाट्याला घाईघाईची लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक आणि वायरीतून आवाज येतो का एवढीच तपासणी, उरते. पहिल्या बँडच्या गायिकेचा आवाज त्यामुळेच दोन गाणी ऐकूच आला नाही.

त्याहून मोठी चूक ड्रमची. पाच बँड असले की एकच ड्रमसेट मंचावर ठेवतात आणि प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि पेडल तेवढे बदलतो. मग बदलाबदली पंधरा मिनिटांत होते. तिसऱ्या बँडचे टी-शर्ट विकत घेताना त्यांनीच मला सांगितले, की सामायिक ड्रमसेट मिळणार नाही, आपापला आणा, असे त्यांना आदल्या दिवशी कळवले गेले. म्हणून पाच पूर्ण सेट आले. प्रत्येक वेळी सगळे सुटे करून उतरवायचे आणि दुसरे चढवायचे. दोन बँडमध्ये अर्धा-अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासांचा भुर्दंड डूमवाल्यांनी का भरावा?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. या पाच सेटची रिकामी खोकी ठेवायला मंचामागे जागा नव्हती, म्हणून ती मागच्या निकास दाराच्या बोळात रचली होती, माझ्या खांद्यापर्यंत. दारावरची हिरवी पाटी पेटलेली होती आणि दाराची कडी खोक्यांआड गेली होती. दारावरच्या कर्मचाऱ्याला मी दोनदा सांगितले. ‘कार्यक्रम संपला की काढतो’ हे उत्तर मिळाले. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी रोमानियातल्या बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह क्लबमध्ये मेटल बँड वाजत असताना आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि ६४ माणसे गेली. मेटल ऐकणाऱ्या कुणालाही ती रात्र माहीत असते. तुमच्या मंचावर आतषबाजी नव्हती, पण जुन्या ॲम्पची एक जळकी वायरही पुरते. मुख्य बँडची शेवटची वीस मिनिटे मी गाणे ऐकत नव्हते, पुढचे दार किती पावलांवर आहे ते मोजत होते.

कानांबद्दलही लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार आवाजाची १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि प्रेक्षकांना इअरप्लग उपलब्ध असावेत. माझे इअरप्लग मी नेहमी सोबत ठेवते. पण शेजारच्या दोन कोवळ्या मुली कानात टिश्यूचे बोळे कोंबत होत्या आणि तुमच्या काउंटरवर मागूनही इअरप्लग मिळाले नाहीत. टिश्यूने कान वाचत नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत. तिसऱ्या बँडला ठरलेले पूर्ण मानधन द्यावे आणि त्यांची जाहीर माफी मागावी. तिकिटाच्या रकमेचा योग्य भाग सर्व तिकीटधारकांना परत करावा, केवळ मला नव्हे. यापुढे सामायिक ड्रमसेट ठेवावा आणि प्रत्येक बँडची वेळ तिकीट विक्रीच्या वेळीच जाहीर करावी. निकासाचा बोळ मोकळा ठेवण्याची जबाबदारी कुणाची होती आणि ती का पाळली नाही, याचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास बोळाची छायाचित्रे मी अग्निशमन विभागाकडे देणार आहे.

पुढच्या महिन्यातल्या आपल्या कार्यक्रमाचे तिकीट मी आधीच काढले आहे. त्या दिवशी आत शिरल्यावर मी आधी मागचे दार उघडते का ते पाहीन.

आपली,
एक तिकीटधारक

सोबत: तिकिटाची प्रत, जाहीर वेळापत्रकाची प्रत, निकास दाराची तीन छायाचित्रे