सही करण्याआधी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "बाबा, सगळ्यांनीच राजीनाम्यावर सही केलीय, मी एकटी कशी थांबू?" आणि फोन कट झाला. रेंज गेली की तू ठेवलास, कळलं नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

हॉस्पिटलच्या लॅबचा ठेका एक तारखेपासून दुसऱ्याकडे जाणार, याचं मला काही नाही. ठेके बदलतच असतात. मशीन तेच, खुर्ची तीच, सकाळी उपाशीपोटी रांगेत उभे राहणारे पेशंटही तसेच. मग जुन्या ठेकेदाराला तुझा राजीनामा कशाला हवा? राजीनामा दिला की नोकरी तू आपणहून सोडलीस असं ठरतं. त्याने कामावरून कमी केलं, तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. तुझ्या सहीने त्याचे ते पैसे वाचतात. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं तुझी श्रावणात भरली असती. नव्याकडे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आमची सातपूरची कंपनी विकली गेली तेव्हा शिंदे मास्तरांनी गेटवर त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५ एफएफ मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सेवा खंडित नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, पुढे कधी कमी केलं तर जुनी वर्षंही धरायची. हे मान्य नसेल तर भरपाई. नव्या मालकाने 'सेवा अखंड' असं लिहून दिलं तेव्हाच आम्ही आत गेलो. त्या दोन शब्दांमुळे माझी ग्रॅच्युइटी पहिल्या दिवसापासून धरली. तुझ्या डीएमएलटीची, त्या लॅबच्या डिप्लोमाची, फी त्यातूनच गेली. आईने रिझल्टच्या दिवशी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. नाना तर येईल त्याला सांगायचे, आमची मनू रक्त तपासते.

पण कारखाना विकणं वेगळं आणि ठेका बदलणं वेगळं. नव्या ठेकेदाराने तुला घेतलंच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे कायद्यात नाही. तू घाबरतेस ते उगाच नाही. सुमनमावशीचा अमोल इंग्लंडमधलं सांगत होता. तिकडे २००६ च्या नियमांप्रमाणे साफसफाईचा किंवा कँटीनचा ठेका बदलला, तर त्या कामावर नेमलेली माणसं जुन्याच तारखेने आणि जुन्याच अटींवर नव्या कंपनीकडे जातात. आपल्याकडे हे कधी होणार? वर्षानुवर्षं एकाच खोलीत काम करणारी पोर दर ठेक्याला नवी कशी होते, हे मला कुणी समजावून सांगावं.

म्हणून म्हणतो, सही करू नकोस. ठेका संपल्यामुळे कार्यमुक्त केलं, असं पत्र माग. पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे फोटो स्वतःजवळ ठेव. पीएफ काढून घेऊ नकोस. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच चालतो, रक्कम नव्या खात्यात वळव. पेन्शनला दहा वर्षं लागतात, पेन्शनचेही पैसे काढले की ती वर्षं गेली. शेवटचा पगार ठेकेदाराने बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी हॉस्पिटलवर येते. तेव्हा पाच-सहा जणी मिळून तिथल्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे जा. एकटी जाऊ नकोस.

बघ, पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. घरभाडं तुला भरायचंय, महिनाभर बसून राहणं तुला परवडणार नाही, हे मला कळतं. तू सही केलीस तरी मी एक शब्द बोलणार नाही. पण अजून केली नसशील, तर थांब.

त्या फॉर्मचा फोटो आईच्या मोबाईलवर पाठव. शिंदे मास्तर आता कमी ऐकतात, पण वाचतात नीट. गुरुवारी त्यांना दाखवून येतो.

तुझे,
बाबा