लाकूड गेलं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवर कालच्या अंकात तुम्ही जवळजवळ अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आभार. एक बाजू म्हणते, फांदीलाही हात लावू देणार नाही. दुसरी म्हणते, सिंहस्थ कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम मग काय हवेत बांधायचं? अठराशेच्या आसपास झाडं तोडायची, हलवायची की ठेवायची, यावर इतकं लिहून आलं. त्यांच्या बदल्यात आंध्रातल्या राजमुंद्रीहून येणाऱ्या पंधरा फुटी झाडांचंही कौतुक झालं. पण तोडलेल्या झाडाचं लाकूड जातं कुठे, हे विचारावंसं एकालाही वाटू नये?

माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती, त्यामुळे मला आधी हेच सुचतं. झाड तोडण्याला माझा सरसकट विरोध नाही. सरकारवाड्याचे खांब आणि तुळया मिरवणाऱ्या गावानं लाकडाला नाक मुरडू नये. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर साग होता. वळवाच्या वादळात पडला. ठेकेदाराची माणसं दुसऱ्याच दिवशी हजर (एरवी धोकादायक फांदीसाठी अर्ज करून पाहा, म्हणजे या तत्परतेचं मोल कळेल). खोडाचे ओंडके केले, टेम्पोत चढवले आणि डहाळ्यांचा ढीग रस्त्यात टाकून निघाले. मी पावती मागितली. मुकादम म्हणाला, "काका, सरपण आहे हो, त्याची कसली पावती?" सरपण! चार फूट घेर, वीस फूट सरळसोट खोड, म्हणजे वखारीच्या हिशेबानं २० घनफूट साग. हे सरपण असेल तर आमच्या तीर्थरूपांनी जन्मभर गोवऱ्याच विकल्या म्हणायच्या. पेठ-सुरगाण्याच्या शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा साग विकायचा तर परवानगी काढावी लागते, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो, वाहतुकीचा पास लागतो. इथे भर दुपारी टेम्पो निघून गेला.

संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, चहाही विचारला. मग शांतपणे सांगितलं की आमच्याकडे झाडाची नोंद असते, लाकडाची नसते. मी म्हटलं, त्यातलं थोडं मिळालं असतं तर म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर दोन बाकं झाली असती. पुढे बाक आलं. सिमेंटचं. पाठीवर नाव ठसठशीत, आणि उन्हात त्यावर बसायची कुणाची हिंमत नाही.

वृक्ष संरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावून सात वर्षं जगवायला सांगितलं. छानच आहे. पण वय ठरवणार कसं? सागाचं वय त्याच्या बुंध्यातल्या वर्तुळांवरून निघतं, आणि आमचा बुंधा तर टेम्पोत बसून गेला.

शहराच्या मालकीच्या झाडांची शहरानंच एक वखार ठेवावी. पडलेलं, वाळलेलं, रीतसर परवानगीनं तोडलेलं सगळं तिथे यावं. जात, घेर, लांबी वहीत लिहावी आणि उघड लिलाव करावा. साग, शिसव शाळांच्या बाकांना द्यावं, बाभूळ-सुबाभूळ अमरधाम स्मशानभूमीला. जिथे कुणाच्या डोक्यावर पडायची भीती नाही, तिथलं वाळकं खोड मात्र उभंच राहू द्यावं. तांबट आणि सुतार त्यात घरं करतात, त्यांना आपला लिलाव नको असतो. एवढं झालं तर पर्यावरणवाल्यांचा निम्मा संशय जाईल आणि धोकादायक झाड वेळेवर उतरवणंही सोपं होईल. ओंडक्याला पाय फुटत नाहीत हे लोकांना दिसलं, तर परवानगीवर विश्वास बसतो. आज तो नाही, म्हणून तर तपोवनात माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली.

आणखी एक, पत्र लांबतंय तरी. झाडांना खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावणाऱ्यांना कोणी विचारतं का? खिळ्याभोवती साल भरून येते, खिळा आत दडतो आणि पुढे कधी ते लाकूड करवतीला लागलं की पातं तुटतं. तुकडा उडून कामगाराचा डोळा गेल्याचं लहानपणी आमच्याच वखारीत पाहिलंय. आमच्या चौकातल्या कडुनिंबावर अशा पाच पाट्या आहेत. त्यातल्या एका क्लासची जाहिरात दर रविवारी तुमच्या तिसऱ्या पानावर असते, तेव्हा निरोप तुम्हीच दिलात तर लवकर पोहोचेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
पंचवटी, नाशिक