नदी उलटी वाहते तिथून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस कशी झाली ट्रिप आणि मी नुसतं "मस्त" म्हणलो, तेवढ्यात तुझ्याकडे डॉक्टर आले म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की असं एका शब्दात नाही सांगता येणार, तुला बसून नीट लिहायलाच पाहिजे. तर आज बसलोय, हिला सांगितलंय दोन तास हाक मारू नकोस म्हणून.

काकूंचा पाय कसा आहे? प्लास्टर कधी काढणार म्हणाले? तू ऐन वेळी कॅन्सल केलंस ते बरोबरच केलंस, मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं, पण आपण चौघांनी जायचं म्हणून दोन वर्षं प्लॅन करत होतो रे, त्यामुळे तिथे प्रत्येक ठिकाणी वाटायचं की हे याला दाखवायला पाहिजे होतं. म्हणून आता सगळं दाखवतो.

मुंबई ते बँकॉक, तिथे विमान बदलून सिएम रीप, म्हणजे कंबोडियातलं अंगकोरच्या देवळांजवळचं गाव. नवीन एअरपोर्ट गावापासून खूप लांब आहे, बसने तासभर लागतो, आणि तो तासभर दोन्ही बाजूला भातशेती आणि मधे मधे उंच ताडाची झाडं, नोव्हेंबरचा शेवट असल्यामुळे भात पिकत आलेला, ही म्हणाली आपण गुहागरच्या रस्त्याला लागलो की काय. पुढच्या दिवशी पहिलं काम म्हणजे देवळं बघायचा पास. तीन दिवसांचा ६२ डॉलर, तिथेच फोटो काढून पासवर छापून देतात. गाईड म्हणाला यातले २ डॉलर लहान मुलांच्या मोफत हॉस्पिटलला जातात. मला ते फार आवडलं.

अंगकोर वाटला पहाटे साडेचारला निघालो. देऊळ पश्चिमाभिमुख आहे त्यामुळे तू समोर उभा राहिलास की सूर्य देवळाच्या मागून वर येतो. अंधारात आधी काहीच नाही, मग पाच शिखरं नुसती काळी, मग मागे केशरी, आणि हे सगळं खाली पाण्यात पुन्हा एकदा. गर्दी होती, भरपूर होती, पण त्या पाच मिनिटांत सगळे गप्प होते. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात बांधलेलं हे विष्णूचं देऊळ, नंतर ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथे भगव्या वस्त्रातले भिक्षू आहेत. पण गंमत सांगू का, पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा एक उंचच्या उंच विष्णू अजून उभा आहे, लोक त्याला ता रीच म्हणतात, उदबत्त्या लावतात, फळं ठेवतात, बाजूला सोनेरी छत्र्या. एक नवरा-नवरी लग्नाच्या कपड्यात येऊन नमस्कार करून गेले. म्हणजे राजा गेला, धर्म बदलला, पण देवाला कुणी उठवलं नाही तिथून.

आता काकूंना हे मोठ्याने वाचून दाखव. लहानपणी चातुर्मासात तुमच्या पडवीत काकू पोथी वाचायच्या आणि आपण दोघं खांबाला टेकून भीष्मपर्व ऐकायचो, आठवतं ना? पश्चिमेच्या दालनात उजवीकडे वळलो आणि समोर अख्खी भिंत कुरुक्षेत्र. जवळजवळ ५० मीटर लांब! एका बाजूने कौरव, दुसऱ्या बाजूने पांडव, दोन्ही टोकांना सैनिक शिस्तीत पावलं टाकतायत आणि जसजसं मधे जावं तसतशी गर्दी, हत्ती, रथ, उलटे पडलेले घोडे, कुणाचा पाय कुणाच्या छातीवर. आणि तिथेच वरच्या अंगाला भीष्म, बाणांवर आडवा पडलेला, आजूबाजूला माणसं हात जोडून. मी गाईडच्या आधी ओळखलं. तो विचारायला लागला तुम्हाला कसं माहीत, मी म्हणलो माझ्या मित्राच्या आईने सांगितलंय. खरंच सांगतो, डोळ्यात पाणी आलं, कारण चिपळूणच्या पडवीतून ऐकलेला माणूस तिथे एवढ्या लांब, समुद्रापलीकडे, नऊशे वर्षं तसाच पडून आहे.

अजून एक. आपण प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून ना? इथली भिंतीवरची चित्रं क्रमाने बघायची तर देऊळ डाव्या हाताला ठेवून चालावं लागतं, उलटी प्रदक्षिणा, अंत्यविधीत असते तशी. त्यावरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की हे देऊळ राजाचं मृत्यूनंतरचं स्थान म्हणून बांधलं असावं. असं चालत चालत पूर्वेच्या बाजूला गेलो की समुद्रमंथन. वासुकीला धरून एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मधे विष्णू, खाली कूर्म. सगळे सांगतात ते देव-दानवांचं, पण तू गेलास तर खालचं पाणी बघ. त्यात मासे, मगरी कोरलेत आणि जसजसं मंदराजवळ जावं तसतसे ते त्या घुसळण्याने मधोमध तुटलेले आहेत, अर्धा मासा इकडे अर्धा तिकडे. ज्याने हे कोरलं त्याने पाणी खवळलेलं बघितलेलं आहे, नुसतं ऐकलेलं नाही. तुला पटेल हे, २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात तू माळ्यावरून काय काय वाहत जाताना बघितलंस ते मला सांगितलं होतंस.

बाकीची देवळं एकेक करून सांगत नाही, पाय दुखेपर्यंत चाललो. बायोनचे ते हसरे चेहरे फोटोत बघितलेच आहेस, तिथे मला वरच्या चेहऱ्यांपेक्षा खालची भिंत जास्त आवडली, कारण तिथे राजाबरोबर साधी माणसंही आहेत, मासळीबाजार, कोंबड्यांची झुंज, भात शिजवणारे. ता प्रोम म्हणजे झाडांनी धरून ठेवलेलं देऊळ, सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या नावाने बांधलेलं, आणि तिथे आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षं दुरुस्तीचं काम केलंय. आपले लोक अंगकोर वाटलासुद्धा १९८६ पासून १९९३ पर्यंत काम करत होते, तेव्हा तिकडे युद्धही पुरतं थांबलेलं नव्हतं. हे मला माहीतच नव्हतं, ऐकून छाती भरून आली.

बांते स्रेई मात्र सोडू नकोस कधी गेलास तर. छोटंसं, गुलाबी दगडाचं, ९६७ सालचं. दगडावर लाकडासारखं कोरीवकाम, हात लावायची भीती वाटेल इतकं नाजूक. तिथे रावण कैलास हलवतोय आणि पार्वती घाबरून शंकराला बिलगलीये, अगदी आपण वेरूळला सोळाव्या लेण्यात बघितलं होतं तसंच, कॉलेजच्या ट्रिपला. फक्त वेरूळचा रावण डोंगराएवढा आणि हा ओंजळीत मावेल असा. जाताना वाटेत एका गावात रस्त्याच्या कडेला बायका मोठ्या कढईत ताडाचा रस आटवून गूळ करत होत्या, तो घेतलाय तुमच्यासाठी. आणि आप्पे! आप्पेपात्र तसंच, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, वर कांद्याची पात. नोम क्रोक म्हणतात. हिने त्या बाईला मोबाईलवर आपल्या आप्प्यांचा फोटो दाखवला तर ती इतकी हसली की दोन जास्तीचे दिले.

आणि दगड. मुख्य देवळं वालुकाश्माची आहेत पण आतला भराव, कुंपणाच्या भिंती कशाच्या असतील सांग? जांभा! आपला जांभा. तोच लाल रंग, तीच भोकं, तेच चिरे. गाईड सांगत होता की जमिनीतून काढताना हा मऊ असतो, हवेत राहिला की घट्ट होतो, आणि मी मान हलवत होतो, माझ्या आजोबांची चिरेखाण होती बाबा. मी त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिलो.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहितोय ते. अंगकोर वाटच्या भोवती जवळजवळ १९० मीटर रुंद खंदक आहे. मला वाटलं शत्रूसाठी किंवा शोभेसाठी. गाईड म्हणाला खालची जमीन वाळूची आहे, ती ओली राहिली तर घट्ट राहते आणि एवढा भार पेलते, कोरडी पडली तर देऊळ खचेल. खंदकातलं पाणी जमिनीखालच्या पाण्याची पातळी धरून ठेवतं. म्हणजे ते अख्खं देऊळ पाण्याने उचलून धरलंय. मी त्याला दोनदा विचारलं की मला नीट कळलंय ना. आपल्याकडे पाणी म्हणजे पाया खचवणारं, आणि इथे पाया धरणारं.

दुसऱ्या दिवशी तोनले साप. हा तिथला मोठा तलाव, आणि त्याच नावाची नदी तलावातून निघून राजधानी नॉम पेन्हला मेकाँग या मोठ्या नदीला मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी भरते की तिचं पाणी या नदीतून मागे तलावात शिरतं, म्हणजे नदी चक्क उलटी वाहायला लागते! साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उलटी, मग पाऊस संपला की पुन्हा सुलटी, आणि ती वळते त्या सुमाराला नोव्हेंबरच्या पौर्णिमेला होड्यांच्या शर्यतींचा मोठा सण असतो. उन्हाळ्यात तलाव अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात पसरून पंधरा हजारांपर्यंत जातो. खोली एक मीटरवरून आठ-नऊ मीटर. त्या पाण्यात जंगल बुडतं, बुडालेल्या झाडांत मासे अंडी घालतात, आणि अर्धा देश त्या माशांवर जेवतो.

आम्ही काम्पोंग फ्लुक नावाच्या गावी गेलो. लाकडी होडीतून जाताना आधी नुसती झाडांची डोकी पाण्याबाहेर आणि मग अचानक दोन्ही बाजूंना घरं, सहा-सात मीटर उंच खांबांवर, पण आम्ही गेलो तेव्हा त्यातले बरेचसे मीटर पाण्याखाली होते. प्रत्येक घराला शिडी, शिडीला बांधलेली होडी. कुंड्यांत पुदिना, कांदा. तरंगत्या पिंजऱ्यात डुकरं. शाळा सुटलेली होती आणि आपल्या नातवंडांच्या वयाची पोरं स्वतः वल्हवत घरी चाललेली, दप्तर मांडीवर. शाळेला ते साला म्हणतात, म्हणजे आपली शाला, गावाला फुम म्हणजे भूमी, शिक्षकाला क्रू म्हणजे गुरू, आणि अंगकोर म्हणजे आपलं नगरच.

ग्रुपमधले काही जण लोकांच्या घरात मोबाईल रोखून फोटो काढत होते, बाई जेवायला बसलेली, तिचा फोटो. मला ते फार लागलं. आपल्या घरात पाणी शिरलं तेव्हा पुलावरून कोण कोण शूटिंग करत होतं ते आठवलं. मी मोबाईल खिशात ठेवला तो गाव संपेपर्यंत काढला नाही, म्हणून त्या गावाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

एका घरी वर चढून नारळपाणी प्यायलो. घरातली आजी साधारण काकूंच्या वयाची, गळ्यात चौकटीचा क्रामा, आपल्या पंच्यासारखा, त्यांचं सगळं काम त्या एका कापडात होतं. तिने गाईडमार्फत विचारलं तुमच्या गावी नदी आहे का. मी वाशिष्ठीचं सांगितलं, २२ जुलैची रात्र सांगितली, तू, वहिनी आणि काकू माळ्यावर किती तास होतात ते सांगितलं, तुझं दुकान, गाळ, सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, मग घर उंच का नाही बांधत?

मला उत्तर सुचलं नाही रे. नंतर मीच म्हणलो की आमच्याकडे एका रात्रीत येतं. तेव्हा तिने मान हलवली, म्हणाली आमचं रोज थोडं थोडं येतं, महिनाभर आधी कळतं, आम्ही सामान एकेक पायरी वर घेतो. म्हणजे फरक आहेच, तिचं पाणी पाहुण्यासारखं सांगून येतं आणि आपलं दरोडेखोरासारखं, ते मी विसरत नाहीये. पण ती पाण्याविषयी बोलताना तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि मला तुझा आवाज आठवला, गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला फोन करून तू म्हणालेलास की पत्र्यावर पाऊस वाजला की झोप लागत नाही.

तिला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. पाणी यायचं नाही याची. २०१९ आणि २०२० ला पूर उशिरा आला आणि कमी आला, वर मेकाँगवर धरणं झालीत, पाऊसही बदललाय, मासे कमी झालेत. तिची दोन्ही मुलं थायलंडला बांधकामावर गेलीत. पूर आला नाही म्हणून घर रिकामं झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

परत येताना होडीत गाईड त्याच्या घरचं बोलला. १९७५ ते ७९ मधे तिकडे ख्मेर रूज या क्रूर राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसं मेली, भुकेने, कामाने, मारून. त्याचे आजोबा शिक्षक होते, शिकलेल्या माणसांवर त्या राजवटीचा राग, मारायला तेवढं पुरलं. तो ज्या शांतपणे भीष्म दाखवत होता त्याच शांतपणे हे सांगत होता आणि आम्ही सगळे गप्प, नुसता इंजिनचा आवाज.

असो, खूप लिहिलं. शनिवारी दुपारी येतो, वहिनींना सांग जेवणाचं काही करू नका, चहा पुरे. काकूंसाठी क्रामा घेतलाय, लाल चौकटीचा, आणि भीष्माचे फोटो आहेत, ते तुझ्या टीव्हीला जोडून त्यांना मोठे करून दाखवायचेत. आणि तू वरच्या मजल्याचं काम काढणार होतास ना, त्याचा नकाशा काढून ठेव, शनिवारी दोघं मिळून बघू.

तुझाच