कुर्रममधलं भांडण बांधाचंही आहे

महोदय,

पाकिस्तानातल्या कुर्रम जिल्ह्याची बातमी आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींत आली, मथळा होता ‘टोळीवाल्यांत पुन्हा पंथीय दंगल’. मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात, फार तर ऊसतोड. कुर्रममधले तुरी, बंगश, मंगल हे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे पश्तून. त्यांच्यासाठी ‘जमात’ हा साधा शब्द आपल्याकडे असताना टोळी कशाला?

मी तीस वर्षं तलाठी होतो. मध्यंतरी मुलाकडे शारजाला राहिलो, तेव्हा नातीला शाळेतून आणणारा ड्रायव्हर पाराचिनारचा होता. पाराचिनार म्हणजे कुर्रमचं मुख्यालय. एकदा त्याने गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने पोपटाची चोच काढली. चोचीच्या तिन्ही बाजूंना अफगाणिस्तान. वर सफेद कोहचे बर्फाचे डोंगर, पलीकडून येणारी कुर्रम नदी, तिच्या काठाने भात, मका, सफरचंदाच्या बागा. चौथ्या बाजूला एकच रेघ, टल या गावाहून पेशावरकडे जाणारा रस्ता. ती रेघ अंगठ्याने पुसून तो म्हणाला, “चाचा, ये बंद तो सब बंद.”

ही अतिशयोक्ती नव्हती. वरच्या कुर्रममध्ये शिया तुरी बहुसंख्य, आणि रस्ता जातो खालच्या कुर्रममधल्या सुन्नी गावांतून. 2007 ते 2011 हा रस्ता जवळजवळ बंद होता. तेव्हा पाराचिनारच्या माणसाला आपल्याच देशातल्या पेशावरला जायचं तर सरहद्द ओलांडून गर्देझ, काबूल करत तोरखमच्या सीमानाक्यावरून पुन्हा पाकिस्तानात शिरावं लागे. 21 नोव्हेंबर 2024 रोजी याच रस्त्यावर पोलिस बंदोबस्तात चाललेल्या प्रवासी गाड्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला, चाळिसांहून जास्त माणसं गेली. नंतर कित्येक आठवडे रस्ता बंद राहिला आणि औषधं हेलिकॉप्टरने न्यावी लागली.

पंथाचं वैर खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. 1980च्या दशकातल्या अफगाण युद्धाने निर्वासित आणले, बंदुका आणल्या, आणि जुन्या कुरबुरींना दात फुटले. पण जुलै 2024 मध्ये कुर्रममधल्या बोशेऱ्यात ठिणगी पडली ती शेतजमिनीच्या तुकड्यावरून. दोन घरांचा वाद आठवडाभरात दोन पंथांचा झाला. आपल्याकडे भावाभावांत बांधावरून कुऱ्हाडी निघतात, तेव्हा आपण त्याला धर्मयुद्ध म्हणत नाही. तिथे गावाच्या सामाईक जमिनीला शामिलात म्हणतात, म्हणजे जवळपास आपलं गायरानच. डोंगरउतार कुणाचा, जळण कुणी तोडायचं, पाटाचं पाणी आधी कुणाला, हे प्रश्न मी ओळखतो. फरक इतकाच की माझ्याकडे भांडण आलं की मी फेरफाराची वही उघडायचो. कुर्रममध्ये इंग्रजी अमलातले महसुली कागद आहेत, पण त्यांवरून निकाल देऊन तो अमलात आणणारं कुणी पाहिजे ना!

आणि ते नव्हतं, याला कारण आहे. 1892 मध्ये इंग्रजांनी इथे ठाण मांडलं (तुऱ्यांनीच शेजाऱ्यांच्या त्रासापायी त्यांना बोलावलं होतं), पुढच्याच वर्षी ड्युरंड रेषा, म्हणजे अफगाणिस्तानशी असलेली सरहद्द, ठरली. 1901 चा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जमातीला शिक्षा करण्याची मुभा देणारा. इंग्रज गेले, कायदा राहिला, तो थेट 2018 मध्ये हा भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन होईपर्यंत. सगळ्या प्रौढांना मताचा हक्कही 1996 मध्ये मिळाला. जिथे सव्वाशे वर्षं कोर्टाची पायरीच नव्हती, तिथे माणूस जिर्ग्याकडे, म्हणजे जमातीतल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीकडे जाणार, नाहीतर बंदुकीकडे.

1 जानेवारी 2025 रोजी कोहाटच्या जिर्ग्यात दोन्ही बाजूंनी करार केला : बंकर पाडायचे, जड शस्त्रं सरकारजमा करायची. मी ड्रायव्हरला फोन केला. “बंकरचं नंतर बघू चाचा,” त्याच्या बोलण्याचा सूर असा, “आधी जमिनीचे कागद उघडू देत.” एवढं बोलून तो नातीच्या परीक्षेची चौकशी करू लागला.

कुर्रमची पुढची बातमी छापाल, तेव्हा मृतांच्या आकड्याशेजारी टल-पाराचिनार रस्ता चालू आहे की बंद, एवढं एक वाक्य तरी घालावं ही विनंती.

– एक वाचक (निवृत्त तलाठी), बार्शी, जि. सोलापूर