पंधरा दिवसांची सेवा नको, वर्ष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी मिशनकार्याला गेलेल्या वसईच्या तरुण मुलामुलींवर लेख आला आणि तेव्हापासून त्यावर वाचकांची पत्रं येत आहेत. काहींनी तोंडभरून कौतुक केलं. एकांनी विचारलं की जव्हार-मोखाड्यात मुलं कुपोषणाने मरतात, मग यांना आफ्रिका कशाला हवी? आणखी एका पत्राचा सूर होता की हा सगळा खटाटोप धर्मांतरासाठीच चालतो. मी वसईची, वाडीत वाढलेली, शिक्षणाने परिचारिका. केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ख्रिस्ती धर्मभगिनींच्या एका छोट्या दवाखान्यात वर्षभर राहून आले आहे. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगते. आपल्या मुलांनी परदेशी सेवेला जरूर जावं. पण हल्ली जी पंधरा दिवसांची पद्धत पडत चालली आहे, एकसारखे टी-शर्ट, भिंतींना रंग, मुलांबरोबर फोटो आणि परतीच्या वाटेवर सफारी, ती थांबवावी. जायचं तर किमान वर्षभरासाठी, तिथली भाषा शिकून, हाताला येणारं काम घेऊन आणि सरळ कागदपत्रांवर.

का, ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्या दवाखान्यात पावसाळा सुरू झाला की व्हरांडा तापाच्या मुलांनी भरून जायचा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर मलेरियाची तपासणी करायची, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. मलेरिया निघाला तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या. त्या गोळ्यांचं वेळापत्रक फार काटेकोर असतं. पहिला डोस लगेच, दुसरा बरोबर आठ तासांनी, मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, असे तीन दिवसांत सहा डोस. शिवाय त्या पोटात काहीतरी स्निग्ध असताना घ्यायच्या, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. एकदा परदेशी कॉलेजातल्या मुलामुलींचा एक गट दोन आठवड्यांसाठी आला होता. मुलं मनाने चांगली, कामाला हौशी. त्यांना पाकिटांवर वेळा लिहायचं काम दिलं. सकाळी आठला पहिला डोस दिलेल्या मुलांच्या पाकिटांवर त्यांनी दुसऱ्या डोससाठी मोठ्या अक्षरांत ‘४’ लिहिलं. आपल्या हिशेबाने अगदी बरोबर.

पण त्या किनाऱ्यावर दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला पहिला तास. आपले दुपारचे चार म्हणजे त्यांचे दहा. आणि त्यांचे चार वाजतात आपल्या सकाळच्या दहाला, किंवा रात्रीच्या दहाला. म्हणजे ज्या आईने ते पाकीट वाचलं असतं, तिने एकतर दोन तासांतच दुसरा डोस दिला असता, नाहीतर तापाने फणफणलेल्या लेकराला चौदा तास औषधाविना ठेवलं असतं. आमच्या इथली स्थानिक नर्स, गिरियामा समाजातली, पन्नाशीची बाई. ती टेबलाजवळून जात होती, तिने पाकिटांचा गठ्ठा उचलला, एक नजर टाकली आणि सगळी पाकिटं परत घेतली. मग ती बसली आणि प्रत्येक पाकिटावर पेनाने माड काढला, त्याच्या शेंड्याच्या बरंच खाली कलता सूर्य, आणि सूर्याखाली गोळ्यांचे ठिपके. जिला वाचता येत नाही तिलाही कळावं म्हणून. आया रांगेत उभ्याच होत्या. ती कोणावर रागावली नाही. त्या मुलांना हे सगळं समजावून सांगायला मात्र अर्धा दिवस गेला, आणि समजेपर्यंत त्यांची जायची वेळ आली.

मी स्वतः पहिले तीन-चार महिने बाळांना काट्याला लटकवून वजन घेणं, दंडाचा घेर मोजायची पट्टी लावणं, नोंदी करणं आणि जमीन पुसणं एवढंच केलं. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलच्या परवान्याशिवाय मला सुई हातात घेता येणार नव्हती आणि ते योग्यच होतं. वसईच्या रुग्णालयात कोणी बाहेरचा पाहुणा येऊन आपल्या मुलाला इंजेक्शन टोचू लागला तर आपण चालवून घेऊ का? त्या महिन्यांत मी स्वाहिली शिकले. पुस्तकातली निघण्याआधी थोडी शिकले होते, बोलण्यातली तिथल्या बायकांनी शिकवली. गावातल्या म्हाताऱ्या तर गिरियामाच बोलायच्या, तेही थोडं कानावर बसलं. त्यानंतरच बायका माझ्याशी खरं बोलू लागल्या. कोणाचा नवरा मोंबासाला कामाला जाऊन पैसे पाठवत नाही, कोणाच्या घरात मुलाला दूध मिळत नाही कारण शेळी विकली, हे वजनाच्या तक्त्यावर दिसत नाही. दिसतं फक्त वजन घटलेलं.

मला तो मुलूख परका वाटला नाही, हेही लिहायला हवं. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं, माडावर चढून माडी काढणारे, नारळाच्या रसातला भात, मासळीबाजारातली घासाघीस. रविवारी मिस्साला बायका बोरूच्या काड्यांचा चपटा कायाम्बा दोन्ही हातांनी हलवत गात वेदीपर्यंत येत, तेव्हा माझा आवाज भरून यायचा. मी प्रार्थना करायला तिथे नव्याने शिकले. देवाने मला तिथे नेलं असं मी मानते आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता दुसरी बाजू. अनाथाश्रमात जाऊन मुलांना कडेवर घेणं हा या छोट्या दौऱ्यांचा सगळ्यांत आवडता कार्यक्रम असतो. जरा विचार करा, ज्या मुलाला आधीच एकदा सोडून दिलेलं आहे, त्याला दर पंधरवड्याला नवे दादा-ताई मिळतात, लळा लावतात आणि विमानात बसून जातात. आमच्या शेजारच्या गावात असा एक आश्रम होता. तिथली चार-पाच वर्षांची पोरं कोणत्याही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायची. पाहुण्यांना ते प्रेम वाटायचं. मुलांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, ते सांगतील की ही दुखावलेल्या मुलाची खूण आहे. शिवाय दहा-बारा जणांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांचे पैसे, त्या पैशांत एका स्थानिक नर्सचा पगार किती काळ निघाला असता, हे कोणत्याही युवक मंडळाने कागदावर मांडून पाहावं.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही, आपल्या मातीतलंच आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया किशोरवयात जेझुइट या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. ते उपयोगी पडले ते जपानी भाषेमुळे. पुढे व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले आणि मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. आपण त्यांच्या नावाने कॉलेज काढलं, सण करतो. पण ते आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या भाषेत आणि त्या माणसांत राहिले, हे आपल्या मुलांना कोण सांगतं? उलट दिशेचं उदाहरणही कोकणातलंच. स्कॉटलंडहून १८२९ साली आलेले मिशनरी जॉन विल्सन मुंबईत बस्तान बसवण्याआधी काही महिने हर्णैला जाऊन मराठी शिकत बसले. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत आहे असं नाही, पण आधी भाषा हा क्रम त्यांनी पाळला.

केनियाशी तर महाराष्ट्राचं नातं याहून जवळचं आहे आणि ते मला तिथे गेल्यावर कळलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला वाढवली. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि हाताला कसब दिलं. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला गेले. पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रिअरटाउन नाव पडलं. तिकडे या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. राबाई आमच्याच किलिफी काउंटीत. तिथल्या जुन्या चर्चच्या आवारात उभी असताना नाशिकचं नाव ऐकून मी थक्क झाले. ही माणसं दोन आठवड्यांसाठी गेली नव्हती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण यात मुलं अडकतात. पर्यटक म्हणून शिरायचं आणि दवाखान्यात किंवा शाळेत काम करायचं, हे सर्रास चालतं. ते कायद्याला धरून नाही. केनियात मिशन आणि धर्मादाय कामासाठी वेगळ्या वर्गाचा परवाना असतो, आपल्याकडेही परदेशी मिशनऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहेच. ज्या देवाचं नाव घेऊन जायचं त्याच्या कामाची सुरुवात इमिग्रेशनच्या खिडकीवर खोटं बोलून करू नये. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी आणि त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवावं. ते नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

धर्मांतराचा आरोप करणाऱ्या वाचकांना एवढंच सांगेन की आमच्या रुग्णनोंदीत धर्माचा रकाना नव्हता. त्या किनाऱ्यावर मशिदी आहेत, चर्च आहेत, गिरियामा ज्यांत मोडतात त्या मिजिकेंडा लोकांची पवित्र वनं आहेत. रांगेतली निम्मी नावं मुस्लिम असायची. रमजानात उपास करणाऱ्या आयांना औषधाच्या वेळा कशा सांगायच्या, हे आम्ही तिथल्या मौलवींना विचारून ठरवत असू.

मोखाड्याचा प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. आज मी मोखाडा तालुक्यातच काम करते. किलिफीला गेले नसते तर मराठी बोलणारी बाई म्हणून मी इथे आले असते आणि वारली, कातकरी, क-ठाकूर आयांना माझं सगळं समजतं असं धरून चालले असते. आता मी आधी विचारते. तुमच्याकडे दिवस कसा मोजता, घरात पहिलं ताट कोणाचं, बाळाला कोण भरवतं. हे मला त्या गिरियामा नर्सने शिकवलं. त्यामुळे इथे की तिथे हा झगडा मला निरर्थक वाटतो. जो वर्षभर परक्या माणसांच्या हाताखाली राहून शिकला, तो परत आल्यावर पाड्यावर जायला कचरत नाही.

आमच्या धर्मग्रामांना एक विनंती आहे. ऑक्टोबरात मिशन रविवारी वर्गणी गोळा होते, ती जिथे जायची तिथे जाऊ द्या. पण युवक मंडळं सहलवजा दौऱ्यासाठी जे वेगळे पैसे जमवतात, त्यांत बारा जणांऐवजी दोघांनाच पाठवा आणि वर्षभरासाठी पाठवा. निघण्याआधी सहा महिने भाषेचा वर्ग घ्या. परत आल्यावर त्यांचा सत्कार नंतर करा, आधी त्यांना सविस्तर बोलू द्या, वाईट अनुभवही सांगू द्या. तिकडे गेलेल्या मुलांना एकटेपणा येतो, आजारपण येतं, देवावरचा विश्वासही कधी डळमळतो, आणि परतल्यावर सगळे फक्त हत्तींचे फोटो मागतात.

आईवडिलांची भीती मी समजू शकते. मुलगी असेल तर जास्तच. लग्नाचं वय, नोकरीत पडणारा खंड, लोक काय म्हणतील. माझ्या घरीही हेच झालं, आई कित्येक आठवडे माझ्याशी नीट बोलली नव्हती. मुलीला कुठे राहायला देणार, आजारी पडली तर जबाबदारी कोणाची, परवाना कोणत्या वर्गाचा, मध्येच परतायचं ठरलं तर तिकीट कोण काढणार, हे पाठवणाऱ्या संस्थेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय हो म्हणू नका. ज्या पालकांना माझ्याशी बोलायचं असेल त्यांना संपादकांनी माझा पत्ता जरूर द्यावा. रविवारी मिस्सानंतर मी घरीच असते.

आपली,
एक परिचारिका
वसई, जि. पालघर